अर्धांगवायूनंतर पाऊल घासतं: स्प्लिंट, करंटचा पट्टा की रोबोट सूट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन डाव्या बाजूला अर्धांगवायू झाला. आता तीन पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण डावं पाऊल फरशीला घासतं, बोटं अडकतात, दोनदा पडता पडता वाचले. दवाखान्यातून दिलेली प्लॅस्टिकची स्प्लिंट टोचते म्हणून कपाटात पडून आहे. अमेरिकेतल्या चुलतभावाने मऊ कापडी रोबोट सूटचा व्हिडिओ पाठवलाय आणि एका विक्रेत्याने गुडघ्याखाली बांधायचा करंटचा पट्टा काही लाखांत सांगितलाय. यातलं काय घ्यावं?

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. माझं पहिलं म्हणणं: आत्ता काहीच विकत घेऊ नका. ती स्प्लिंट कपाटात का गेली हे आधी शोधा. ज्या कारणाने ती गेली, त्याच कारणाने महागडा पट्टाही महिन्याभरात तिच्या शेजारी जाऊन बसेल. बाबांना प्रत्यक्ष न बघता अमुकच घ्या असं मी सांगू शकत नाही, कारण बरंच काही पायाचा कडकपणा, पावलाची संवेदना, गुडघ्याची ताकद, मधुमेह आहे का, यावर ठरतं. पण निर्णय कसा करायचा ते सांगता येईल.

‘पाऊल घासतं’ ही एक तक्रार दिसत असली तरी कारणं वेगवेगळी असतात. निरोगी माणूस चालतानाही पुढे जाणाऱ्या पायाची बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. तेवढ्या जागेसाठी घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे वेळेवर वाकावे लागतात. कुणाचा घोटा वर उचलला जात नाही. कुणाची पोटरी इतकी ताठ असते की उचलायचा प्रयत्न केला तरी पाऊल खालीच ओढलं जातं. कुणाचा गुडघाच वाकत नाही, मग तो माणूस पाय बाजूने अर्धगोल फिरवून पुढे आणतो. आणि बऱ्याच जणांचा खरा घोळ पाय हवेत असताना नसतोच, त्याआधी असतो. डाव्या पायावर भार घ्यायची भीती वाटते, म्हणून उजवं पाऊल घाईघाईत टाकलं जातं. डावा पाय मागे नीट राहतच नाही, त्यामुळे त्याला जमिनीवरून रेटा मिळत नाही आणि तो नुसता ओढला जातो. यातल्या पहिल्या प्रकाराला करंटचा पट्टा छान चालतो. शेवटच्या प्रकाराला तो लावून फारसं काही होत नाही.

मग तुमच्याकडे काय आहे हे कसं कळणार? बाबांना हाफ पँट घालायला सांगा, किंवा लुंगी गुडघ्याच्या वर खोचा. फोन जमिनीपासून फूटभर उंचीवर धरून एकदा बाजूने आणि एकदा मागून व्हिडिओ काढा. सोबत एक जण अगदी जवळ चालू दे. नंतर व्हिडिओ हळू चालवून बघा. डाव्या पायाची टाच आधी टेकते, की चवडा, की पावलाची बाहेरची कड? डाव्या पायावर उभे असताना गुडघा मागच्या बाजूला ढकलला जातो का? पाय पुढे येताना कंबर डावीकडून वर उचलली जाते का?

दुसरी तपासणी खुर्चीवर. बाबांना बसवून त्यांचं डावं पाऊल तुमच्या हाताने अगदी सावकाश वर दाबा, आधी गुडघा वाकलेला असताना, मग सरळ ठेवून. नडगीशी काटकोन होईपर्यंत पाऊल येत असेल तर चांगलं. सावकाश दाबूनही येत नसेल तर पोटरीचा स्नायू आखडलाय, आणि मग कुठलाही पट्टा किंवा मोटर ते पाऊल उचलू शकणार नाही. सावकाश येतं पण झटक्यात दाबलं की अडतं, किंवा घोटा थडथड उडायला लागतो, तर तो स्पॅस्टिसिटीचा, म्हणजे मेंदूच्या बिघाडामुळे स्नायूंत येणाऱ्या ताठपणाचा भाग आहे. त्यासाठी न्यूरोलॉजिस्टना किंवा रिहॅबच्या डॉक्टरांना दाखवा. कधी गोळ्यांनी, कधी पोटरीत बोट्युलिनमचं इंजेक्शन देऊन तो कडकपणा उतरवता येतो. हे आधी व्हायला हवं, उपकरण नंतर.

आता स्प्लिंटकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. हिला एएफओ म्हणतात. पोटरीच्या मागून तळपायाखाली जाणारा पॉलीप्रॉपिलीनचा एल आकाराचा तुकडा, एवढीच दिसायला. पण ती तयार दुकानातून एस-एम-एल साइजमध्ये आणलेली आहे, की पायाला प्लॅस्टरची पट्टी गुंडाळून साचा घेऊन बनवलेली, यात फार फरक पडतो. आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यातून निघताना मिळालेली म्हणजे बहुतेक तयार असणार. बेडवर पाऊल खाली पडू नये म्हणून ती देतात, आणि तेवढ्यापुरती ती ठीकच असते. चालण्यासाठी म्हणून तिच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं.

टोचते म्हणजे नक्की कुठे टोचते ते बघा. अर्धा तास घालून काढा आणि उजेडात पाय तपासा. बाहेरचा घोटा, करंगळीच्या मागचा पावलाच्या कडेचा उंचवटा आणि टाचेची मागची बाजू, या तीन जागा नेहमीच्या. लालसरपणा पंधरा-वीस मिनिटांत गेला तर चालेल. त्यानंतरही टिकला किंवा कातडी सोलवटली तर स्प्लिंट घालणं थांबवा. बाबांना मधुमेह असेल किंवा डाव्या पावलाला स्पर्श नीट कळत नसेल तर हे रोज तपासायचं, कारण त्यांना दुखणारच नाही. ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट बनवणारा तज्ज्ञ, हीट गनने तेवढाच भाग गरम करून बाहेर फुगवून देतो, दहा मिनिटांचं काम असतं. पण कित्येक घरांत ते काम करून घ्यायला कुणी परत जातच नाही.

टोचण्याचं आणखी एक कारण आतून येतं. पोटरी ताठ असेल तर टाच स्प्लिंटमध्ये तळाशी बसतच नाही, वर सरकते, मग सगळा भार चवड्यावर आणि पट्ट्यांवर येतो. स्प्लिंट घालताना गुडघा वाकवून, टाच पूर्ण मागे आणि खाली बसवून, घोट्यावरचा पट्टा सगळ्यात आधी आवळायचा. बहुतेक लोक पोटरीचा पट्टा आधी लावतात. आत लांब, शिवण नसलेला सुती मोजा हवा. उन्हाळ्यात घामाने प्लॅस्टिक चिकटतं, तेव्हा दुपारी मोजा बदलायला सांगा.

आणि आता ती गोष्ट, जी परदेशी माहितीपत्रकात कधीच लिहिलेली नसते. आपल्या घरात आपण अनवाणी असतो. एएफओ बुटात घालण्यासाठी बनवलेली असते, आणि बाबा दिवसभर असतात घरात, म्हणजे बूट नाही, म्हणजे स्प्लिंटही नाही. नुसती स्प्लिंट घालून फरशीवर चालवलं तर ती घसरते, ते तर धोक्याचंच. शिवाय बुटाच्या टाचेच्या उंचीचा हिशोब धरून स्प्लिंटचा कोन ठरवलेला असतो. ती टाच काढून घेतली की नडगी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलला जातो. मी घरच्यांना सांगते की एक जोड फक्त घरात वापरायचा ठेवा. मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची, रुंद तोंडाची सँडल किंवा कॅनव्हासचे बूट, डावा बूट स्प्लिंट मावेल एवढा मोठा, हवं तर आतली गादी काढून. तो बाहेर कधीच न्यायचा नाही. आईंना स्वयंपाकघरात पादत्राणं चालत नसतील तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. नवा कोरा जोड, कधीच उंबऱ्याबाहेर न गेलेला, म्हटल्यावर बहुतेक घरांत तोडगा निघतो. देवघरासाठी दारातच एक खुर्ची ठेवा.

पुष्कळ जण विचारतात की स्प्लिंटने पाय आळशी होईल का. माझा अनुभव असा की स्प्लिंट नसताना पडायच्या भीतीने माणूस दिवसभर खुर्चीत बसतो, आणि पाय त्याने जास्त कमजोर होतो. स्प्लिंट घालून दिवसातून चार फेऱ्या जास्त झाल्या तर फायदा त्याचाच आहे. व्यायामाच्या वेळी ती काढून घोट्याचं काम करून घ्यायचं, चालताना घालायची.

नवीन करून घ्यायची ठरली तर ऑर्थोटिस्टला तो व्हिडिओ दाखवा. घोट्याच्या मागे कापलेली पातळ स्प्लिंट लवचीक असते, ती फक्त पाऊल उचलून धरते. घोट्याच्या पुढपर्यंत आलेली कडक असते, ती गुडघ्यालाही सावरते. बाबांचा गुडघा मागे जात असेल तर पातळ, नाजूक स्प्लिंट घेऊन उपयोग नाही. उलट गुडघा अचानक वाकून बसत असेल तर कडक स्प्लिंट पुढे झुकलेल्या कोनात बनवली की आणखी वाकेल. हे डोळ्यांनी बघून ठरवायचं काम आहे. मापाची एएफओ साधारण काही हजारांत होते.

आता करंटचा पट्टा. याला एफईएस म्हणतात, आणि कल्पना जुनी आहे. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी बुटाच्या टाचेत बटण बसवून हे करून दाखवलं होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून जी नस पुढे येते, ती पाऊल उचलणाऱ्या स्नायूंकडे जाते. टाच उचलली की पट्टा त्या नसेला करंट देतो, पाऊल वर येतं, टाच टेकली की करंट बंद. नव्या पट्ट्यांत टाचेच्या बटणाऐवजी नडगीचा कल ओळखणारा सेन्सर पट्ट्यातच असतो, त्यामुळे ते अनवाणीही चालतात. आपल्या घरांसाठी हा खरा फायदा आहे, आणि विक्रेते तोच सांगायला विसरतात. अर्धांगवायूत बिघाड मेंदूत असतो, पाठीच्या कण्यापासून पुढची नस आणि स्नायू शाबूत असतात, म्हणून हे जमतं. कंबरेत नस दबून पाऊल पडलं असेल तर त्याचा उपयोग होत नाही. ज्यांना पेसमेकर आहे, फिट्स येतात किंवा पायाच्या शिरेत गुठळी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्रायलसुद्धा घेऊ नये.

हा पट्टा स्प्लिंटपेक्षा सरस आहे का? याच्यावर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. २०१३ च्या अभ्यासात १९७ पेशंट होते, ३० आठवडे. २०१४ च्या अभ्यासात ४९५ पेशंट, सहा महिने. दोन्हींत करंटचा पट्टा आणि एएफओ यांच्यात चालण्याच्या वेगाचा लक्षणीय फरक निघाला नाही. दोन्ही गटांचं चालणं सुधारलं. २०१३ च्या अभ्यासात वापरणाऱ्यांना पट्टा जास्त आवडला, एवढं मात्र दिसलं. म्हणजे ते जादाचे पैसे वेगासाठी नाहीत, सोयीसाठी आहेत. सोयीला किंमत नसते असं मी म्हणणार नाही. जो माणूस स्प्लिंट घालायला तयारच नाही पण पट्टा आनंदाने बांधतो, त्याच्यासाठी पट्टाच बरा. फक्त हे लक्षात ठेवा की पट्टा पाऊल उचलतो, उभं असताना गुडघा किंवा घोटा धरून ठेवत नाही.

ट्रायल घेतल्याशिवाय पट्टा घेऊ नका, आणि ट्रायल दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर दोन फेऱ्या मारून होत नाही. आठवडाभर घरी द्या म्हणा, भाडं लागलं तरी द्या. पाऊल सरळ वर येतं, की नुसतंच बाहेर वळतं? पॅड बोटभर सरकलं तरी हा फरक पडतो. बाबांचा उजवा हात चांगला आहे, तर त्यांना स्वतःला पट्टा एका हाताने जागेवर बसवता येतो का? आईंना रोज बांधावा लागणार असेल तर त्यांना जमतं का? पहिले काही दिवस पॅडची जागा पेनने खुणा करून ठेवा. पॅड दर काही आठवड्यांनी बदलावे लागतात. ते तुमच्या गावात मिळतात की कुरिअरने मागवावे लागतात आणि एका जोडीला किती पडतात, हे आधी लिहून घ्या. घामट हवेत कातडीवर पुरळ येतं का तेही त्या आठवड्यात कळेल.

स्प्लिंट आणि करंटचा पट्टा यांच्याशिवाय एक स्वस्त पर्यायही आहे, घोट्यावरच्या पट्ट्यातून चवड्याकडे जाणारा इलॅस्टिक. त्याचा अनवाणी घालायचा प्रकारही मिळतो. पाय ताठ नसेल आणि नुसतं हलकं उचलायचं असेल तर घरातल्या घरात पुरतो. पोटरी ताठ असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

चुलतभावाच्या व्हिडिओबद्दल. तो मऊ सूट बहुतेक हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या गटाने विकसित केलेल्या तंत्रावरचा असावा. कमरेवर मोटर, तिथून केबल खाली घोट्यापर्यंत, आणि सगळं कापडी पट्ट्यांनी पायाला बांधलेलं. त्याची खुबी ही की तो पाऊल उचलतोच, पण त्याआधी पाय मागे असताना जमिनीला रेटा द्यायलाही मदत करतो. वर मी जो शेवटचा प्रकार सांगितला, त्याला हात घालणारं उपकरण क्वचितच मिळतं, म्हणून मला ते संशोधन मनापासून आवडतं. २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात नऊ पेशंट होते. पुढे रीवॉक कंपनीने त्यावरून ‘रीस्टोर’ बनवला आणि २०१९ मध्ये त्याला औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. पण ती मंजुरी रिहॅब सेंटरमध्ये, थेरपिस्टच्या देखरेखीखाली सराव करण्यासाठी आहे. रात्री बाथरूमला जाताना घालायची ती वस्तू नाही. व्हिडिओ परत बघा, चालणाऱ्या माणसाच्या मागे बहुतेक कुणीतरी हात पुढे करून चालत असेल.

ताठ सांगाड्याचे रोबोटही आहेत. एक्सो नावाच्या रोबोटला २०१६ मध्ये अमेरिकेत अर्धांगवायूच्या पेशंटसाठी मंजुरी मिळाली, जपानमध्ये एचएएल नावाचा आहे. आपल्याकडे मॅनहोल साफ करणारा बँडिकूट बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सने जी-गेटर हे चालण्याच्या सरावाचं यंत्र बनवलंय. ते अंगावर घालून फिरायचं नाही, त्यात उभं राहून सराव करायचा असतो. अशा यंत्रांवरच्या अभ्यासांचं एकत्रित चित्र बघितलं तर सगळ्यात जास्त फायदा ज्यांना अजिबात चालता येत नाही आणि ज्यांना झटका येऊन तीन महिने झालेले नाहीत, त्यांना होतो. बाबा चालतात आणि आठ महिने झालेत. तुमच्या शहरात असं सेंटर असेल आणि परवडत असेल तर जरूर जा, पण त्यासाठी मुंबई-बंगळुरूला दोन महिने मुक्काम टाकायची गरज मला वाटत नाही. अमेरिकेत ४०८ पेशंटवर झालेल्या २०११ च्या एका अभ्यासात पट्ट्यांनी शरीराचा काही भार वरून उचलून धरत ट्रेडमिलवर चालवण्याची तुलना घरी येऊन फिजिओने करून घेतलेल्या व्यायामाशी केली होती. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच निघाले.

म्हणजे इथवरचा हिशोब असा. आधी पाय तपासा आणि ताठपणावर इलाज करा, मग मापाची एएफओ आणि घरातला जोड, सोबत आठवड्यातून काही वेळा घरी येणारा फिजिओ. एवढं दोन-तीन महिने नीट करूनही पाऊल अडत असेल, आणि पोटरी मऊ असेल, तर पट्ट्याची ट्रायल.

सुधारणा होतेय की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि पैसे घातलेल्याला नसलेला फरक दिसतो. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये खडूने दहा मीटरवर दोन रेघा मारा. रेघेच्या दोन-दोन मीटर आधीपासून चालायला लावून पलीकडे थोडं पुढे थांबवा, फोनवर वेळ घ्या. नेहमीच्या चालीने, घाई न करता. दहा मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, अशी माणसं साधारण घरापुरती चालतात. साडेबारा सेकंदांच्या आत, म्हणजे ०.८ च्या पुढे गेलं की बाजारापर्यंत जाता येतं. अभ्यासात ०.१६ च्या आसपासचा फरक माणसाला खरोखर जाणवणारा मानतात, म्हणजे २५ सेकंदांवरून १८ वर येणं. कुठलंही उपकरण घालून आणि न घालून, एकाच दिवशी मोजा. वहीत लिहा. विक्रेत्यासमोर मोजलं तरी चालेल, उलट बरंच.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण डाव्या बाजूचा झटका म्हणून विचारते. बाबा ताटातला डावीकडचा पदार्थ खायचा विसरतात का? दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो का? डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघतात का? असेल तर मेंदू डाव्या बाजूकडे लक्षच देत नाहीये, आणि पाऊल अडकण्यात त्याचाही वाटा आहे. याला पट्टा नाही, सूट नाही. डावीकडे बघायची सवय लावण्याचा वेगळा सराव असतो, तो ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे होतो. हे तपासल्याशिवाय एवढी मोठी रक्कम घालणं मला पटत नाही.

पैशांचं शेवटी. अर्धांगवायूमुळे आलेलं अपंगत्व चलनवलनाच्या अपंगत्वात धरलं जातं. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उपकरणं मिळतात, कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरंही जिल्ह्यात लागतात. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिक्सची कार्यशाळा आहे, तिथे माप घेऊन स्प्लिंट बनवतात. दाखल्यासाठी युडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीची तारीख घ्यावी लागते. आठ महिने झालेत, तेव्हा अर्ज करायला हरकत नाही. झटक्याच्या वेळची डिस्चार्ज समरी आणि स्कॅनचा रिपोर्ट सोबत न्या, आणि हे काम आत्ताच उरका. शिबिराची तारीख कळल्यावर धावपळ केली तर तेवढ्यात दाखला हातात येत नाही.